कल्याणचा बिशप आणि टेकडीवरचे चर्च : ठाणे-कल्याण परिसरातील ख्रिस्ती प्राचीनतेच्या इतिहासलेखनाची चिकित्सा

सारांश

सहाव्या शतकातील कल्याण येथे ख्रिस्ती बिशप होता आणि चौदाव्या शतकातील ठाण्यात ख्रिस्ती कुटुंबे राहत होती, असे लिखित साधनांवरून दिसते. या दोन उल्लेखांच्या आधारे परिसरातील ‘प्राचीन चर्च’विषयी अनेक विधाने केली जातात, मात्र त्यांना उत्खननाचे पाठबळ नाही. प्रस्तुत लेखात या साधनांचे पुनर्वाचन केले असून, जुन्या गोव्यातील होली हिल टेकडीवरील सेंट ऑगस्टिन चर्च, संजाण आणि पर्शियन आखातातील मठ या उत्खनित स्थळांशी त्यांची तुलना केली आहे. लिखित उल्लेख समाजाचे अस्तित्व सूचित करतो, वास्तूचे नव्हे. आणि वास्तू सिद्ध करण्याची साधने उपलब्ध असली तरी ज्या जमिनीत ती वापरावयाची ती जमीन झपाट्याने नष्ट होत आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : कल्याण, ठाणे, कॉस्मास, पौर्वात्य चर्च, मंडपेश्वर, सेंट ऑगस्टिन, उत्खनन, स्थानिक इतिहासलेखन.

१. प्रस्तावना

ठाणे आणि कल्याण ही उत्तर कोकणातील प्राचीन बंदरे होत. कान्हेरीच्या ब्राह्मी शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आढळतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ‘कॅलिएना’ बंदराची नोंद असून, एका काळी कायदेशीर बाजारपेठ असलेल्या या बंदरावर पुढे निर्बंध आले आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जात, असे त्यात म्हटले आहे. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पायाचे खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ चा ताम्रपट सापडला. त्याचे भाषांतर ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात प्रसिद्ध झाले. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख सर्वपरिचित आहे. या परिसराच्या बौद्ध आणि शैव इतिहासाला अशा प्रकारे दगड, ताम्रपट आणि वास्तू या तिन्हींचा आधार आहे.

ख्रिस्ती इतिहासाची स्थिती वेगळी आहे. तो जवळजवळ सर्वस्वी ग्रंथांवर उभा आहे, आणि ते ग्रंथही दूरदेशीच्या प्रवाशांनी व धर्मप्रचारकांनी ग्रीक, लॅटिन आदी भाषांत लिहिलेले आहेत. १८८२ मध्ये जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या मुंबई गॅझेटिअरच्या ठाणे खंडांनी हे उल्लेख एकत्र आणले. त्यानंतरच्या स्थानिक लेखनाने, विशेषतः स्मरणिका, गौरवग्रंथ आणि परिचयपुस्तिकांनी, ते उचलले. मूळ उल्लेख आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष यांतील अंतर मात्र या प्रवासात पुसट होत गेले. ‘बिशप होता’ या विधानाचे ‘चर्च होते’ असे रूपांतर झाले, ‘चर्च होते’ याचे ‘प्राचीन चर्चचे अवशेष अमुक उंचवट्याखाली आहेत’ असे झाले.

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाज पोर्तुगीजांनी निर्माण केला, म्हणून तो परका, असे एका बाजूने म्हटले जाते. तो पोर्तुगीजांच्या हजार वर्षे आधीपासून अखंड येथेच आहे, असे दुसऱ्या बाजूने म्हटले जाते. दोन्ही बाजू एकाच अपुऱ्या पुराव्यावर उभ्या आहेत. म्हणून त्या पुराव्याचे वजन नेमके किती, हे तपासणे अगत्याचे ठरते.

२. कॉस्मासचे वाक्य : काय सांगते, काय सांगत नाही

अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मास इंडिकोप्ल्यूस्टेस याने इ. स. ५५० च्या सुमारास ‘ख्रिस्ती भूवर्णन’ हा ग्रीक ग्रंथ लिहिला. त्यातील तिसऱ्या भागात तो पूर्वेकडील ख्रिस्ती वस्त्यांची यादी देतो. श्रीलंकेत चर्च, धर्मोपदेशक आणि श्रद्धाळूंचा समुदाय आहे. मिरीच्या प्रदेशात, म्हणजे मलबारात, चर्च आहे. आणि ‘कॅलियाना’ नावाच्या ठिकाणी पर्शियातून नेमलेला बिशप आहे, असा या नोंदीचा आशय आहे.

या नोंदीचे बारकाईने वाचन केल्यास दोन बाबी लक्षात येतात. पहिली अशी की, ‘चर्च’ हा शब्द श्रीलंका आणि मलबार यांच्या संदर्भात येतो. कॅलियानाच्या संदर्भात फक्त बिशपचा उल्लेख आहे. बिशप आहे त्या अर्थी उपासकांचा समुदाय असणार, हे अनुमान रास्त होय. परंतु ग्रीक ‘एक्लेसिया’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘एकत्र जमलेला समुदाय’ असा आहे. इमारत हा त्याचा नंतरचा अर्थ. त्यामुळे ज्या ठिकाणी तो शब्दही वापरलेला नाही, त्या ठिकाणी दगडी वास्तू गृहीत धरणे म्हणजे साधनाच्या पलीकडे जाणे होय. परदेशी व्यापाऱ्यांची छोटी वसाहत एखाद्या लाकडी, शाकारलेल्या घरातही उपासना करू शकत होती.

दुसरी बाब स्थाननिश्चितीची. हे कॅलियाना म्हणजे कर्नाटकातील उडुपीजवळचे कल्याणपूर असावे, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. या वादाचा निवाडा करण्यास ग्रंथाचा अकरावा भाग उपयोगी पडतो. तेथे कॉस्मास भारताच्या किनाऱ्यावरील बाजारपेठा सांगताना सिंधू, ऑरोथा, कॅलियाना, सिबोर आणि त्यानंतर मलबारची पाच बंदरे असा क्रम देतो. सिबोर म्हणजे चौल, ही ओळख सामान्यतः मान्य आहे. क्रम उत्तरेकडून दक्षिणेकडे जात असल्याने कॅलियाना हे चौलच्या उत्तरेस येते. कल्याणपूर त्या क्रमात बसत नाही. याच भागात कॅलियानातून तांबे, इमारती लाकूड आणि कापड निर्यात होत असल्याचे म्हटले आहे; सह्याद्रीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खाडीवर वसलेल्या बंदराशी ते सुसंगत आहे. कल्याणच्या बाजूने झुकणारा हा पुरावा ग्रंथांतर्गत असल्याने त्याचे मूल्य अधिक. मात्र कॉस्मास स्वतः भारतात आला होता की त्याने ऐकीव माहिती नोंदविली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, हेही विसरता येत नाही.

‘पर्शियातून नेमलेला’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे होत. सासानी साम्राज्यातील पौर्वात्य चर्च, ज्याला नेस्टोरियन असे नाव रूढ झाले, त्याचे व्यापारी आणि धर्मोपदेशक आखाती जलमार्गाने पश्चिम भारताशी जोडलेले होते. फार्सच्या किनारी प्रांतातील रेव अर्दशीर येथील धर्मप्रमुखाकडे भारतातील ख्रिस्ती समाजाची देखरेख असल्याचे सातव्या शतकातील कुलपती तिसरे इशोयाब यांच्या पत्रव्यवहारावरून दिसते. कल्याणचा बिशप हा या सागरी व्यवस्थेचा भाग होता. म्हणून त्याचा माग काढावयाचा तर पोर्तुगीज नमुन्याच्या चर्चचा शोध घेण्यापेक्षा आखातातील समकालीन वास्तूंकडे पाहणे आवश्यक ठरते.

३. ठाण्यातील पंधरा घरे

दुसरा मोठा लिखित पुरावा सुमारे पावणेआठशे वर्षांनंतरचा आहे. १३२१ मध्ये ठाण्यात तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री या चार फ्रान्सिस्कनांना ठार करण्यात आले. त्यांचा सोबती डॉमिनिकन धर्मोपदेशक जॉर्डेनस त्या वेळी ठाण्याबाहेर असल्याने वाचला. त्यानंतर काही वर्षांतच आलेला प्रवासी ओडोरिक याने ठाण्यात नेस्टोरियन ख्रिश्चनांची पंधरा घरे असल्याचे लिहिले. हे चौघे अशाच एका घरी उतरले होते, आणि त्या घरातील पती-पत्नीच्या भांडणातून प्रकरण काझीपर्यंत गेले, असे त्याचे कथन आहे. मध्ययुगीन वृत्तांतांनुसार मृतांचे दफन सोपारा येथे झाले आणि पुढे ओडोरिकने त्यांच्या अस्थी चीनमधील झैतून बंदरी नेल्या.

ओडोरिकचा वृत्तांत हौतात्म्यकथेच्या साच्यातील असल्याने त्यातील चमत्कारांचे प्रसंग बाजूला ठेवावे लागतात. परंतु ‘पंधरा घरे’ ही माहिती कथेच्या ओघात सहज आलेली आहे. शिवाय लेखकाच्या दृष्टीने नेस्टोरियन हे पाखंडी होते. त्यांची संख्या फुगवून सांगण्यात त्याचा काहीच लाभ नव्हता. म्हणून ही नोंद विश्वसनीय मानण्यास हरकत नाही. पण तिचा अर्थ मर्यादित आहे. पंधरा घरांचा समाज म्हणजे शंभराच्या आसपास माणसे. कॉस्मासचा बिशप आणि ही पंधरा घरे यांच्यामध्ये सुमारे ७७० वर्षांची पोकळी आहे. हा समाज सहाव्या शतकापासून अखंड होता, की अकराव्या-बाराव्या शतकांत आखातातून नव्याने आलेल्या व्यापाऱ्यांचा होता, याचे उत्तर ओडोरिक देत नाही. दोन टोकांचे बिंदू सापडले म्हणजे त्यांना जोडणारी रेषाही सापडली, असे समजणे हा या विषयावरील लेखनाचा नेहमीचा दोष आहे.

त्या मधल्या काळात शिलाहार आणि राष्ट्रकूट लेख विपुल आहेत. चिंचणीच्या ताम्रपटांत संजाणच्या प्रदेशावर नेमलेल्या ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याची नोंद आहे. शिलाहार ताम्रपटांतील ‘हंयमन’ हा शब्द पारशी अंजुमनशी जोडावा की स्थलनाम मानावा, याची चर्चा होत आली आहे. परकीय समाजांची दखल घेणारे हे लेख ख्रिस्ती समाजाविषयी मात्र मौन पाळतात. मौनावरून अभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण मौनावरून अस्तित्वही सिद्ध होत नाही.

४. मंडपेश्वर : वाचलेले आणि न वाचलेले थर

जुन्या ठाणे जिल्ह्यात प्रत्यक्ष डोंगरउतारावर उभे असलेले, लेण्याशी जोडलेले चर्च म्हणजे साष्टी बेटावरील मंडपेश्वर. हे स्थळ आज मुंबई उपनगरात बोरिवलीत मोडते. येथील शैव लेणे सामान्यतः सहाव्या ते आठव्या शतकांदरम्यानचे मानले जाते. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेल्यानंतर फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक अंतोनियो दो पोर्तो याच्या पुढाकाराने लेण्याचे चर्चमध्ये रूपांतर झाले आणि वरच्या बाजूस मठाची इमारत उभी राहिली. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई घेतल्यावर लेण्याचा उपयोग पुन्हा बदलला. आज खाली लेणे आणि वर मठाच्या छतविरहित भिंती असे दृश्य दिसते.

मंडपेश्वरविषयीचे लेखन प्रायः दोन पद्धतींचे आहे. एका पद्धतीत हे स्थळ केवळ उद्ध्वस्त मंदिराचा दाखला ठरते. दुसरीत ते साष्टीतील ख्रिस्ती शिक्षणाचे आद्य केंद्र ठरते. दोन्ही लेखनपद्धती एकेकच थर वाचतात. वस्तुतः येथे खोदकाम, भिंती घालून झाकणे, वर बांधणे, सोडून देणे आणि पुन्हा उघडणे अशा क्रियांची साखळी आहे. कोणती भिंत कोणत्या चुन्यात बांधली, फरसबंदी कोठे तोडली, कोणत्या शिल्पाचा भाग छिन्नीने काढला आणि कोणता हवामानाने झिजला, याचे भिंतनिहाय आलेखन झाल्याखेरीज ही साखळी उलगडत नाही. मंदिर की चर्च, हा प्रश्न या स्थळाला विचारणेच अपुरे आहे. कोणत्या क्रमाने, हा प्रश्न योग्य.

मंडपेश्वरचे आणखी एक महत्त्व आहे. पोर्तुगीज काळातील चर्चे ही ‘प्राचीन’ चर्चचा पुरावा ठरत नाहीत, हे ते स्पष्ट करते. ठाण्यातील मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च पोर्तुगीज परंपरेतील आहे. त्याच्या अस्तित्वावरून १३२१ च्या किंवा ५५० च्या समाजाविषयी काहीही म्हणता येत नाही. तरीही स्थानिक लेखनात या तीन काळांची सरमिसळ वारंवार आढळते.

५. गोव्याची टेकडी : दस्तऐवज ते अस्थी

टेकडीवरील चर्चचे उत्खनन आणि लिखित साधन यांचा मेळ कसा घालावा, याचा मराठी अभ्यासकांना सर्वांत जवळचा आदर्श गोव्यात आहे. जुन्या गोव्यातील होली हिल, म्हणजे पोर्तुगीजांची ‘मोंते सांतो’, या टेकडीवर ऑगस्टिनियन पंथीयांनी १५९७ ते १६०२ या काळात ‘अवर लेडी ऑफ ग्रेस’ हे चर्च बांधले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथांवर बंदी आणल्यावर ते ओस पडले. १८४२ मध्ये त्याचे घुमटाकार छत कोसळले. १८७१ मध्ये मोठी घंटा पणजीच्या चर्चमध्ये नेली गेली. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. सुमारे ४६ मीटर उंचीचा जांभ्या दगडाचा मनोरा तेवढा उरला. १९८६ मध्ये ‘गोव्यातील चर्चे आणि मठ’ या समूहात या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

या ढिगाऱ्यात एक विशिष्ट प्रश्न दडलेला होता. जॉर्जियातील काखेतीची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये शिराझ येथे इराणच्या शाह अब्बासच्या आज्ञेवरून ठार करण्यात आले. तेथील ऑगस्टिनियन धर्मोपदेशकांनी तिच्या अस्थी मिळविल्या आणि त्यांतील काही १६२७ मध्ये गोव्यात आणल्या. त्या मठाच्या सभागृहात, एका ठरावीक बाजूच्या दुसऱ्या खिडकीजवळ, दगडी पेटीत ठेवल्याचे पोर्तुगीज कागदपत्रांत नमूद होते. १९८९ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि जॉर्जियाचे अभ्यासक यांनी शोध घेतला. आधी ढिगारा हटवून मठाचा आराखडा निश्चित करावा लागला. मग त्या आराखड्यात सभागृह ओळखावे लागले. त्यानंतर खिडकीचा प्रश्न आला. २००४-०५ च्या सुमारास त्या ठिकाणी पेटीचे अवशेष आणि हाडाचा भाग मिळाला.

काम येथे थांबले नाही, हे विशेष. स्थळावर मिळालेल्या तीन अस्थिनमुन्यांची तपासणी हैदराबादच्या कोशिकीय व आण्विक जीवशास्त्र केंद्राने केली आणि तिचे निष्कर्ष २०१३-१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका नमुन्यात मातृवंशाचा ‘यू१बी’ हा गट आढळला. सुमारे २२ हजार भारतीय नमुन्यांत तो नव्हता. जॉर्जियातील ३० पैकी २ नमुन्यांत मात्र होता. उरलेल्या दोन अस्थींचे मातृवंश भारतीय लोकसंख्येत आढळणारे निघाले. २०१७ मध्ये या अस्थी काही काळासाठी जॉर्जियाला पाठविण्यात आल्या आणि जुलै २०२१ मध्ये त्यांचा एक भाग भारत सरकारने त्या देशाला भेट दिला.

या प्रकरणाचे चिकित्सक मूल्यमापन केल्यास तीन गोष्टी हाती लागतात. एक, जनुकीय चाचणी व्यक्तीचे नाव सांगत नाही. ती केवळ वंशरेषा सांगते. ‘केतेवान’ हे नाव कागदपत्र, वास्तुस्थान आणि जनुक या तिन्हींच्या संगमातून आले. दोन, तीनपैकी दोन अस्थी अन्य व्यक्तींच्या निघाल्या, म्हणजे केवळ ‘योग्य जागी सापडले’ हा निकष पुरेसा नव्हता. शास्त्रीय तपासणी झाली नसती तर तिन्ही अस्थी राणीच्या म्हणून पूजल्या गेल्या असत्या. तीन, येथील कागदपत्र सभागृह आणि खिडकी इतके नेमके होते, तरीही शोधाला दीड दशक लागले. कॉस्मासचे वाक्य तर केवळ एका बंदराचे नाव देते.

ठाण्याशी या घटनेचा एक ऐतिहासिक दुवा आहे. १३२१ मध्ये ठाण्यात मारला गेलेला दिमित्री तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियाच्या राजधानीचा होता. कॉकेशस, इराण आणि कोकण यांना जोडणारा मार्ग केतेवानच्या तीनशे वर्षे आधीपासून चालू होता, हे त्यावरून ध्यानात येते. गोव्यात त्या मार्गाचा भौतिक पुरावा मिळाला. ठाण्यात तो अद्याप ग्रंथातच आहे.

६. संजाण आणि आखात : पुराव्याचे निकष

गोव्याचे उदाहरण उत्तरकालीन आहे. प्राचीन काळासाठी दोन तुलना अधिक उपयोगी ठरतात.

पहिली संजाणची. ठाणे-पालघरच्या उत्तरेस, गुजरातच्या सीमेलगत असलेल्या या गावाविषयी ‘किस्सा-इ-संजाण’ हे उत्तरकालीन फारसी काव्य पारशांच्या आगमनाची कथा सांगते. २००२ ते २००४ या काळात तेथे झालेल्या उत्खननात पश्चिम आशियातील फिरोजी झिलईची भांडी, आतून डांबराचा लेप दिलेले निमुळत्या बुडाचे घट आणि मानवी अस्थी असलेली दखमा उजेडात आली. खापरांमुळे आखाताशी असलेला व्यापार सिद्ध झाला. पारशी समाजाचे अस्तित्व मात्र दखमेमुळे सिद्ध झाले. हा भेद मूलभूत आहे. फिरोजी झिलईचे भांडे अरब, पारशी, ज्यू, ख्रिस्ती कोणाच्याही घरी असू शकते. अशी खापरे कल्याणच्या खाडीकाठी मिळाली तरी तेवढ्यावरून बिशपच्या समाजाचा निर्वाळा देता येणार नाही.

लिपीच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. २००१ मध्ये गोव्यातील आगशी येथे पहलवी लेख असलेला क्रूस उजेडात आला. केरळातही असे क्रूस आहेत. तेथे क्रूस आणि लेख एकत्र असल्याने निष्कर्ष निःसंदिग्ध आहे. कान्हेरीच्या लेण्यांतही इ. स. १००९ आणि १०२१ चे पहलवी लेख आहेत, परंतु ते लेणी पाहण्यास आलेल्या पारशांचे आहेत. एकच लिपी दोन धर्मसमाज वापरत होते. म्हणून ठाणे परिसरातील पहलवी अक्षर दिसताच त्याला ख्रिस्ती ठरविणे घाईचे होईल.

दुसरी तुलना आखाताची. इराणच्या खार्ग बेटावर, कुवेतच्या फैलाका बेटावर, सौदी अरेबियात जुबैल येथे आणि अबुधाबीच्या सर बनी यास बेटावर पौर्वात्य चर्चचे अवशेष मिळाले आहेत. सर बनी यासचे स्थळ १९९२ मध्ये नजरेस आले; ते मठ असल्याची खात्री चुन्याच्या गिलाव्यातील क्रूस मिळाल्यावर पटली. २०२२ मध्ये उम्म अल कैवेनच्या सिनिया बेटावरील मठाची घोषणा झाली. पूर्वाभिमुख गर्भभाग, लांबट दालने, गिलाव्यातील क्रूस आणि भोवतीच्या साधकांच्या कोठड्या ही या वास्तूंची ओळख आहे.

या स्थळांनी कालनिर्णयाचाही एक धडा दिला. ग्रंथांत पाचव्या-सहाव्या शतकांतील बिशपांचे उल्लेख असल्याने आरंभी ही स्थळे त्याच काळातील मानली गेली. २००८ मध्ये रॉबर्ट कार्टर यांनी खापरे आणि थर यांच्या आधारे दाखवून दिले की, त्यांपैकी अनेक वास्तू सातव्या-आठव्या शतकांतील, म्हणजे इस्लामच्या उदयानंतरच्या आहेत. ग्रंथाने सांगितलेला समाज आणि जमिनीतून निघालेली वास्तू एकाच काळाची असेलच असे नाही. आखातात जे घडले ते कल्याणला घडणार नाही, असे मानण्यास आधार नाही.

७. जमिनीचा प्रश्न

निकष ठरले तरी ते लावावयाचे कोठे, हा प्रश्न उरतो. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला, तेव्हा भोवती वाड्या आणि शेते होती. जुने कल्याण आणि जुने ठाणे आज दाट वस्तीखाली आहेत. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली; त्यानंतरच्या चार दशकांत पायासाठी खोल खोदकाम हे नित्याचे झाले. ठाण्याचा ताम्रपट १७८७ च्या खोदकामात निघाला आणि तो वाचला गेला. आजचे यंत्र तेवढेच खोदकाम काही तासांत करते आणि माती भरावासाठी अन्यत्र जाते.

विद्यमान कायद्याची रचना स्मारककेंद्री आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटरचे क्षेत्र निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरचे नियंत्रित ठरविले. राज्याचाही १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. परंतु जे अद्याप सापडलेलेच नाही, त्याभोवती कोणतेही वर्तुळ आखता येत नाही. कल्याणच्या सहाव्या शतकातील थर, मग तो बौद्ध असो, शैव असो वा ख्रिस्ती, या व्यवस्थेत निराधार आहे. धार्मिक वादाच्या भाषेत मांडलेला प्रश्न येथे वेगळ्या रूपात समोर येतो : परस्परविरोधी दावे करणाऱ्या सर्वांचाच पुरावा एकाच ट्रकमधून वाहून जात आहे.

महाविद्यालयांना या बाबतीत करता येण्याजोगे काम आहे. उत्खननाचा परवाना हा शासनाचा विषय असला, तरी जुन्या गावठाणातील विहिरी, तलावांचे गाळ, पडक्या भिंती, दफनशिला आणि बांधकामातील पुनर्वापरित दगड यांची छायाचित्रासह व स्थाननिर्देशासह नोंद हे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून होऊ शकते. इतिहास, भूगोल, रसायनशास्त्र आणि भूशास्त्र या विभागांनी एकत्र यावे असा हा विषय आहे. खोदकामात निघालेली खापरे गोळा करताना ती कोणत्या खोलीवरून आली याची नोंद नसेल, तर त्यांचे मूल्य शोभेच्या वस्तूपेक्षा अधिक राहत नाही, हेही विद्यार्थ्यांना शिकवावे लागेल.

८. निष्कर्ष

(१) कॉस्मासच्या ग्रंथांतर्गत क्रमावरून कॅलियाना म्हणजे ठाणे जिल्ह्यातील कल्याण, ही ओळख अधिक संभाव्य ठरते. तेथे पर्शियाशी संलग्न ख्रिस्ती समाज होता, एवढे विधान सुरक्षित आहे. चर्चच्या इमारतीचा उल्लेख त्या वाक्यात नाही.

(२) ओडोरिकची पंधरा घरे चौदाव्या शतकातील लहान समाजाचा विश्वसनीय पुरावा होत. त्यांच्यावरून सहाव्या शतकापासूनचे सातत्य सिद्ध होत नाही.

(३) पोर्तुगीजकालीन चर्चे या प्राचीन समाजांचा पुरावा नाहीत. मंडपेश्वरसारख्या स्थळांचे मूल्य त्यांच्या थरांच्या क्रमात आहे. एकाच थराची निवड करून केलेले लेखन, कोणत्याही बाजूचे असो, अपुरे आहे.

(४) सेंट ऑगस्टिनच्या टेकडीवरील कार्याने दस्तऐवज, वास्तुस्थान आणि प्रयोगशाळा या तिन्ही साक्षी जुळल्याशिवाय नाव न देण्याचा दंडक घालून दिला. ठाणे-कल्याणच्या बाबतीत आज यांपैकी केवळ पहिली साक्ष उपलब्ध आहे, तीही अस्फुट स्वरूपात.

(५) आखातातील कालनिर्णयाची दुरुस्ती पाहता, कल्याणला कधी एखादी वास्तू मिळाली तर तिचा काळ खापरे आणि थर यांवरून ठरवावा लागेल, कॉस्मासवरून नव्हे.

समाजाच्या स्वत्वाचे प्रश्न पुराव्याच्या प्रतीक्षेत थांबत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. वसई-ठाण्यातील ख्रिस्ती माणसाचे येथील नागरिकत्व सहाव्या शतकातील बिशपवर अवलंबून नाही आणि त्या बिशपच्या अभावाने ते उणेही होत नाही. इतिहासाकडून त्या प्रकारच्या निवाड्याची मागणी थांबली, तर कल्याणच्या एका वाक्याला त्याचे खरे स्थान मिळेल : उत्तर कोकणाच्या सागरी इतिहासातील एक मौल्यवान सूचना, जी तपासण्याचे काम अजून सुरू व्हावयाचे आहे.